फुलायची तारीख

सेक्टर ६, भिलाई
८ जानेवारी २०२३

वंदना, जय भीम.

तुझा पाय कसा आहे? तुझे टेम्पोवाले नरहरीभाऊ सिविक सेंटरले रोपं द्याले आले होते, त्यांच्याच हाती हे पत्र देऊन राहिले. फोन मुद्दाम करत नाही. फोन वाजला का तुझे दादा स्पीकर लावतात, अन् मले त्यांच्याबद्दलच बोलायचं आहे.

प्लांटकडून क्वार्टर सोडाची नोटीस आली. एकतीस मार्चपर्यंत खाली करून द्यायचं आहे, आता पुढं मुदत मिळत नाही म्हणतात. राजदीपनं जुनवानीले फ्लॅट घेतला हे तुले माहीत आहे. दोन खोल्या, हॉल, दुसरा माळा, लिफ्ट आहे. पण यांनी एकच धरलं आहे, मी इथून हलत नाही. राजदीप समजवाले गेला तं म्हणे, "तुमी जा, मी अंगणात खाट टाकून राहीन." पोरगा चिडला. बापलेक आठ दिवसांपासून बोलत नाहीत. यांचं जेवण अर्ध्यावर आलं.

छत्तीस वर्षांची बाग आहे, सोडवत नाही, हे मले समजते. मलेही सोडवत नाही. पण पोलीस घेऊन कोणी सामान बाहेर काढण्यापेक्षा आपल्या पायानं निघालेलं बरं.

तू लोकाइचे बंगले सजवतेस, बागा करून देतेस. आमचा फ्लॅट असा करून दे का यांनी पाहिला अन् इथंच राहतो म्हटलं पाहिजे. त्याईले आताच सांगू नको.

तुझी वहिनी
चंपा

•

बोरसी, दुर्ग
११ जानेवारी

वहिनी, जय भीम.

पाय प्लास्टरमध्ये आहे. मार्च उजाडेपर्यंत घराबाहेर पडायचे नाही असे डॉक्टरचे म्हणणे, आणि मी ते ऐकणार आहे. स्वतःच्या नर्सरीत ओल्या फरशीवर घसरले, त्यामुळे दुसऱ्या कोणाला बोलायची सोय नाही.

तुमचे काम करीन. पण एक अडचण आहे. कुठलेही घर हातात घेण्याआधी मी तिथे एक पूर्ण दिवस बसते, सकाळी सहापासून दिवे लागेपर्यंत. ऊन कुठून शिरते, कुठे किती वेळ थांबते, वारा कुठल्या खिडकीतून येतो, हे पाहिल्याशिवाय मी साधी कुंडी ठेवत नाही. या वेळी ते जमणार नाही. तेव्हा माझे डोळे तुम्ही व्हा. सोबत छापील कागद आहे. अकरा प्रश्न आहेत. गिऱ्हाइकांना देते तोच कागद. राजदीपला घेऊन फ्लॅटवर जा, दिवसभर थांबा आणि उत्तरे लिहा. "बहुतेक" हा शब्द लिहू नका. माहीत नसेल तर माहीत नाही म्हणा.

शिवाय दादा दिवसभरात काय करतो तेही लिहा. त्याला घर आवडावे असे तुम्ही म्हणता. मग त्याचा दिवस मला ठाऊक हवा.

राजदीपला म्हणावे, बापाशी बोलायला सुरुवात कर. हे काम कुंड्या करणार नाहीत.

वंदना

•

सेक्टर ६
२२ जानेवारी

वंदना, जय भीम.

तुझ्या परीक्षेले बसले. सातवी पास झाले तेव्हाही इतका घाम फुटला नव्हता. उत्तरं वेगळ्या कागदावर लिहिली आहेत. थोडक्यात सांगते. बाल्कनी पूर्वेले, दहा फूट लांब, चार फूट रुंद. ऊन सात ते साडेअकरा. वारा भरपूर. नळ आतमधी आहे, बादलीनं पाणी न्या लागेल. हॉलची खिडकी पश्चिमेले, दुपारी भिंत तापते. खाली गेटच्या बाजूले कंपाउंडच्या आत लांब पट्टी रिकामी आहे, तिथं बिल्डरचा मलबा पडून आहे.

आता यांचा दिवस. पहाटे पाचले उठतात. पाणी, निंदणी, खत. दहाले आत येतात. दुपारी झोपतात. चार वाजले का ती निळ्या पट्ट्याची लोखंडी खुर्ची उचलतात अन् तारेच्या कुंपणाजवळ नेऊन ठेवतात. मंग अंधार पडेपर्यंत तिथंच. जनरल शिफ्ट सुटो का शाळा सुटो, जो जाईल त्याच्याशी बोलणं. कोणाले कलम, कोणाले बी, कोणाले बोलणी. परवा शेजारचे देवाजी म्हणत होते, "धोंडबा, तू रेल मिलमधी इतकी ड्युटी केली नसशील जितकी या तारेजवळ करतो." तं हे म्हणे, "इथं ओव्हरटाइम मिळते."

मी हसले, पण मंग आत जाऊन रडले. तू लवकर काहीतरी कर.

चंपा

•

बोरसी
२ फेब्रुवारी

वहिनी, जय भीम.

उत्तरे चांगली लिहिली आहेत. माझी शिकलेली गिऱ्हाइके इतकी नीट लिहीत नाहीत.

आराखडा सोबत आहे. वाचून घ्या.

घराची सुरुवात भिंतीच्या रंगापासून करायची नाही. आधी बुद्ध आणि बाबासाहेबांचे फोटो कुठे लागणार ते ठरवा. हॉलच्या उत्तरेच्या भिंतीवर लावा. बाल्कनीतले सकाळचे ऊन तिथवर जाईल, पण काचेवर चमकणार नाही. त्या भिंतीवर दुसरे काही नको. घड्याळ नको, कॅलेंडर नको. बाकीचे घर त्या भिंतीकडे पाहून लावू. भिंती फिक्या पिवळ्या मातकट रंगाच्या. पांढऱ्या नकोत, पांढऱ्या भिंतीत माणूस दवाखान्यात बसल्यासारखा दिसतो. पश्चिमेच्या खिडकीला थंडीत जाड पडदा आणि होळीनंतर वाळ्याचे तट्टे. ऋतू बदलला की घराचे कपडेही बदलले पाहिजेत. प्लास्टिकचे एकही फूल घरात दिसता कामा नये. राजदीपच्या बायकोला हे तुम्ही सांगा, मी सांगितले तर तिला राग येईल.

बाल्कनीत तीन हंगाम बसवले आहेत. आता पिटुनिया आणि डायंथस पाठवते, ते मार्चभर चालतील. ते संपायच्या आत त्यांच्या मागच्या कुंड्यांत सदाफुली आणि चिनी गुलाब, तुम्ही ज्याला नौबजिया म्हणता ते, उभे असतील. पावसाला तेरडा आणि कोंबडा. एक जाते तेव्हा दुसरे दारात हजर असले पाहिजे. बाग एका दिवसाच्या फोटोसाठी करायची नसते, तिला बारा महिने तोंड दाखवायचे असते.

दोन गोष्टी. ती लोखंडी खुर्ची तिकडे नेऊ नका. गंजलेली आहे आणि त्या बाल्कनीत मावणार नाही. मी वेताची छोटी पाठवते. आणि गेटजवळची पट्टी सोसायटीची आहे, तिचा विचार करायचा नाही.

वंदना

•

सेक्टर ६
१४ फेब्रुवारी

वंदना, जय भीम.

कुंड्या पोचल्या. राजदीपनं रंग लावून घेतला. फोटोची भिंत मोकळी ठेवली. खरं सांगते, मी दारात उभी राहून पाहिलं अन् मले आपलं घर आहे असं वाटलंच नाही, कोणाचं तरी मोठं घर वाटलं. चांगलं वाटलं. सूनबाईंनं प्लास्टिकचे गुलाब काढले, पण फेकले नाहीत, कपाटात ठेवले आहेत. तुले सांगून ठेवते.

इकडं यांनी दहा तारखेले झेंडू पेरला, दरवर्षीसारखा. तू मागं दिलेले चार ट्रे होते त्यात. आज कोंब वर आले. एकतीस मार्चले आपण निघणार, फुलं येतील तेव्हा इथं कुलूप असेल. मले बोलाची हिंमत झाली नाही. काय करावं ते तूच ठरव, ते तुझंच ऐकतात.

चंपा

•

बोरसी
१८ फेब्रुवारी

वहिनी, जय भीम.

फेब्रुवारीत झेंडू. मी नागपूरच्या कृषी महाविद्यालयात चार वर्षे काढली आणि पुढची पस्तीस वर्षे मातीत. एप्रिलच्या उन्हात झेंडूचे फूल बोराएवढे येते आणि पाने कोळी कीड खाते. दादाला हे माझ्याइतकेच ठाऊक आहे. तरीही तो पेरतो, याचा अर्थ त्याचे मन ऋतूवर राहिलेले नाही. वय झाले की असे होते, त्यात त्याचा दोष नाही. पण तिथे वाढणारी प्रत्येक गोष्ट त्याला तिथे अडकवून ठेवणार.

नरहरी उद्या येईल आणि ट्रे घेऊन जाईल. ट्रे माझे आहेत, मला हवे आहेत, एवढेच दादाला सांगा. रोपे मी टाकून देणार नाही, इथे बघेन काय करायचे ते.

त्यानंतर चार दिवसांनी त्याला फ्लॅट दाखवा. सकाळी आठला न्या. तेव्हा पिटुनियावर ऊन असते.

वंदना

•

सेक्टर ६
१ मार्च

वंदना,

नरहरीभाऊ ट्रे घेऊन गेले. हे फाटकापर्यंत टेम्पोच्या मागं गेले अन् परत आले.

फ्लॅट दाखवला. राजदीपनं हात धरून नेलं. यांनी सगळं पाहिलं. भिंत पाहिली, फोटोले हात जोडले. म्हणे, "वंदीनं चांगलं केलं." मंग वेताच्या खुर्चीवर बसले, बाल्कनीकडं पाठ करून. राजदीप म्हणे, "बाबा, फुलं देखो ना, इतने सुंदर हैं." तं म्हणाले, "पाहिली. दुसऱ्या माळ्यावरची फुलं कोणाले दिसतेत? कबुतराले?" घरी आले ते झोपलेच. तेव्हापासून एक पोळी खातात, कधी तीही नाही. काल डॉक्टर आणला. तो म्हणते, बी.पी. ठीक, शुगर ठीक, कुछ टेन्शन है क्या.

सकाळी उठून एकच विचारतात, माझी रोपं कुठं आहेत.

मले तुझा राग आला आहे, म्हणून लिहून राहिले. मी मोठी आहे, मले अधिकार आहे. ती कायची रोपं होती हे तुले माहीत होतं. तुझ्या लग्नाच्या आधीपासून माहीत होतं. तरी तू नेली. मी गप्प बसले ही माझी चूक. पण मले वाटलं, सगळं माहीत असून वंदना सांगते तं काही विचार करूनच सांगत असेल.

चंपा

•

बोरसी
३ मार्च

वहिनी, जय भीम.

तुमचे पत्र काल सकाळी मिळाले. मला काहीही माहीत नव्हते. म्हणजे होते, पण आठवले नव्हते, आणि ते जास्त वाईट आहे.

पत्र वाचून कुबडी घेऊन मागच्या शेडमध्ये गेले. चारही ट्रे नरहरीने पाणी घालून जिवंत ठेवले आहेत. प्रत्येकात आइसक्रीमची एक काडी खोचलेली आहे आणि तिच्यावर दादाच्या अक्षरात तारीख. मी ती काडी बारा दिवसांपूर्वीही पाहिली होती. नर्सरीत आम्ही काडीवर पेरणीची तारीख लिहितो. त्यावर १४/४ वाचून मी नरहरीला म्हणाले होते, बघ, एप्रिल यायचा आहे आणि हा एप्रिल लिहून बसला. दादाला तारखासुद्धा कळेनाशा झाल्या.

काल तीच काडी हातात घेऊन बसले. तो पेरल्याची तारीख लिहीत नाही. फुलायची लिहितो.

मग सगळे आठवले. तेरा एप्रिलची संध्याकाळ. सेक्टरभरातून टोपल्या घेऊन कुंपणाशी आलेली माणसे. बाजारात त्या दिवसांत धड फूल मिळत नसे आणि मिळाले तर शिळे. म्हणून दादा भर उन्हात गोणपाटाची सावली करून झेंडू जगवायचा, फूल बोराएवढे आले तरी दुप्पट रोपे लावून टोपल्या भरायचा. चौकातल्या बाबासाहेबांच्या पुतळ्याचा हार आपल्या अंगणात ओवला जायचा. लग्नाआधी मीही ओवायला बसत असे. माझ्या बोटाला सुई लागली तेव्हा तुम्ही हळद लावली होती. नंतर माझे काम वाढले. चौदा एप्रिलला मी दरवर्षी कोणाच्या ना कोणाच्या लॉनवर उभी असे, कारण त्याच दिवसांत लॉन जळते. तेवीस वर्षे मी आले नाही. कोणाची तक्रार आली नाही, म्हणून मीही हिशेब ठेवला नाही.

तुम्ही मला पत्रात कुंपण लिहिले होते, खुर्ची लिहिली होती, जाणारी-येणारी माणसे लिहिली होती. मी त्यातून खुर्ची तेवढी काढून टाकायला सांगितली. ऊन किती तास हे मी विचारले. इथून कोण जाते, हे माझ्या अकरा प्रश्नांत नाही.

आता ऐका. रडायला वेळ नाही. रोपे बावीस दिवसांची आहेत. आठ तारखेपर्यंत जमिनीत गेली नाहीत तर चौदाला फूल नाही. गेटजवळची ती पट्टी मला हवी. मी सोसायटीची म्हणून सोडली होती, ते चुकले. राजदीपला पाठवू नका, तो अर्ज लिहीत बसेल. तुम्ही स्वतः सेक्रेटरीकडे जा. मलबा आम्ही उचलू, माती आमची, पाणी आमचे, फुले सगळ्यांची, एवढेच बोला.

नरहरी सात तारखेला दोन मजूर, गाळाची माती आणि ट्रे घेऊन जुनवानीला पोचेल. तिथून दादाला आणायला क्वार्टरवर येईल. रोपे दादाच्याच हातांनी लागली पाहिजेत. आणि पाणी घालायला तिथे माणूस ठेवायचा नाही. राजदीप म्हणेल ठेवू. ठेवू द्यायचा नाही.

माझ्याकडून दादाला काही सांगू नका. जे सांगायचे ते मी सांगेन.

वंदना

•

सेक्टर ६
२४ मार्च

वंदना, जय भीम.

इतके दिवस लिहिलं नाही, कारण लिहाले सवडच नव्हती.

सेक्रेटरीबाई मिताली वर्मा म्हणून आहेत, शाळेत शिकवतात. मी चप्पल काढून आत गेले तं म्हणे, आंटी, चप्पल पहने रहिए. मले हिंदी येते, पण अशा ठिकाणी जीभ जड होते. तू लिहिलं होतं तेवढं पाठ केलं होतं. ते म्हटलं. मंग त्यांनी विचारलं, "इतनी धूप में गेंदा किसलिए?" हे काही तू लिहून दिलं नव्हतं. तं मी जे होतं ते सांगितलं, बाबासाहेबांच्या जयंतीले. मले वाटलं आता नाही म्हणतात. तं म्हणे, "गेट के दोनों तरफ लगाइए, एक तरफ क्यों?"

सात तारखेले नरहरीभाऊ घ्याले आले. हे खाटेवर पडून होते. नरहरीभाऊंनं एवढंच म्हटलं, "धोंडबादादा, तुमची रोपं जुनवानीले पोचली. उन्हात पडली आहेत." झालं. सदरा उलटा घालून टेम्पोत बसले.

एकशे साठ रोपं लावली. मजुराइले हात लावू दिला नाही. संध्याकाळी आले तं तीन पोळ्या खाल्ल्या अन् झोपेत कण्हत होते, कंबर धरली म्हणून. मी मुद्दाम विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे सायकल काढली. सेक्टरहून जुनवानी, पाणी घालाले. संध्याकाळी परत. रोज दोन खेपा. राजदीप म्हणे, "बाबा, मी माणूस ठेवतो." मी म्हटलं, खबरदार. त्याले काही समजलं नाही, पण तुझं नाव सांगितलं तं त्यानं ऐकलं. चौदा दिवस असं चाललं. परवा जेवताना स्वतःच म्हणाले, "हे रोजचं जाणंयेणं कायले? अडुसष्ट वर्षांच्या माणसानं चार चार कोस सायकल चालवाची का? तिकडंच राहू ना." अन् असे पाहाले लागले जसं आम्हीच त्याईले अडवून धरलं होतं.

मी वाढतच राहिले. राजदीप उठून हात धुवाले गेला. बराच वेळ नळ चालू होता.

एकोणतीसले निघतो. इथली बाग तशीच सोडून राहिलो. लोक जाताना गुलाबसुद्धा उपटून नेतात. हे म्हणाले, येणाऱ्याच्या लेकराइले पहिल्या दिवशी काहीतरी दिसलं पाहिजे. देवाजींच्या हाती पाण्याचा पाइप देऊन ठेवला आहे.

लोखंडी खुर्ची आणून राहिलो. तुले आवडो का न आवडो.

चंपा

•

बोरसी
२६ मार्च

वहिनी, जय भीम.

खुर्चीला गंज उतरवून निळा रंग लावायला नरहरीला डबा दिला आहे. गेटच्या डाव्या बाजूला ठेवा, तिथे चारनंतर सावली येते. हे मी राजदीपला तिथे उभे करून, दर तासाला फोटो मागवून ठरवले आहे.

माझ्या छापील कागदावर बारावा प्रश्न घातला. इथून कोण जाते-येते. पहिल्याच गिऱ्हाइकाने विचारले, याचा बागेशी काय संबंध. त्यांना सांगितले, उत्तर द्या, नाहीतर दुसरीकडे जा.

दादाला सोबतची चिठ्ठी द्या. तुम्ही वाचली तरी चालेल. तिच्यात एवढेच आहे की ट्रे मी नेले, चूक माझी, आणि मला त्याची काडी वाचता आली नाही.

वंदना

•

जुनवानी, भिलाई
९ एप्रिल

वंदे, जय भीम.

तुझी चिठ्ठी मिळाली. उत्तर द्याले उशीर झाला. काम होतं.

नरहरीजवळ तू पट्टीचा आराखडा दिला होता, त्यात दोन रोपांच्या मधी नऊ इंच लिहिलं होतं. ते हिवाळ्याचं माप आहे. उन्हाळ्यात सहा इंच लावा लागते, म्हणजे एकाची सावली दुसऱ्याच्या मुळावर पडते. मी सहा लावलं. कॉलेजात हे शिकवत नसतील.

काल अकरा फुलं उघडली. आज सकाळी मोजली तं चाळीसच्या वर. बोराएवढीच आहेत, तू म्हणतेस तशी. चौदापर्यंत सहा टोपल्या भरतील, सातवी मी सांगत नाही. सेक्टरमधी देवाजीनं सगळ्याइले पत्ता दिला. कोणी म्हणे एवढ्या दूर कोण जाईल. काल संध्याकाळीच तिघं येऊन पाहून गेले, फुलं आहेत का नाही म्हणून. त्याईले भरोसा नव्हता. गेटवरचा चौकीदार छत्तीसगडी आहे, मले बबा, म्हणजे आजोबा, म्हणते. तो म्हणे, मोला सुई-धागा आथे, मैं घलो गूंथहूँ. त्यालेही हार ओवाले बसवतो.

येणारेजाणारे इथं सेक्टरपेक्षा जास्त आहेत. पण गाडीत बसून जातात, काच खाली करत नाहीत. पाच-सहा जणांनी आता करणं सुरू केलं आहे. बाकीचे करतील.

वरची तुझी फुलंही बरी आहेत. तुझी वहिनी पाणी घालते.

चिठ्ठीत तू चूक लिहिली. ठीक आहे. काडी तुले वाचता आली नाही, कारण तुले दाखवणारा कोणी जवळ नव्हता. तेवीस वर्षं मीही बोलावलं नाही. वाटायचं, मोठ्या लोकाइच्या बागा करते, इथं जमिनीवर कशी बसेल.

तेरा तारखेले चार वाजता ये. प्लास्टर निघालं हे मले नरहरीकडून समजलं, म्हणून बहाणा सांगू नको. जमिनीवर बसता येत नसेल तं आपली खुर्ची घेऊन ये. माझी देणार नाही.

तुझा दादा
धोंडबा